झाडाची साल, गोधडीचं अंग

पोर्तुगालच्या दक्षिणेला अलेंतेझू नावाचा प्रांत आहे. तिथल्या माळांवर ओकची झाडं विरळ, एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात आणि पुष्कळ झाडांच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने एक ठळक आकडा घातलेला असतो. ज्या वर्षी त्या झाडाची साल उतरवली, त्या वर्षाचा तो शेवटचा अंक. बुंध्यावर ४ असेल, तर साल २०२४ मध्ये निघाली आहे आणि २०३३ पर्यंत त्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. दोन काढण्यांमध्ये निदान नऊ वर्षं गेली पाहिजेत, असा तिथला कायदाच आहे.

ही साल म्हणजे कॉर्क. बाटलीचं बूच, बॅडमिंटनच्या शटलचं बूड, ऑफिसातला टाचण्या टोचायचा फळा, एवढ्यापुरती आपली त्याच्याशी ओळख असते. पण याच सालीचे अतिशय पातळ काप काढून ते सुती कापडावर चिकटवले, की हाताला मऊ लागणारं, चामड्यासारखं दिसणारं आणि घरच्या शिलाई मशीनवर शिवता येणारं कॉर्कचं कापड तयार होतं. पिशव्या शिवणाऱ्यांमध्ये ते आता चांगलंच रुळलं आहे. या लेखात आपण अशीच एक पिशवी समजून घेऊ: बूड आणि बंद कॉर्कचे, अंग गोधडीचं आणि त्या अंगावर हाताने केलेलं भरतकाम.

तिन्ही कामं सुईचीच, पण तिन्हींचे स्वभाव वेगळे. भरतकाम उसवून पुन्हा करता येतं. गोधडी तर पुन्हा पुन्हा शिवण्यासाठीच असते. कॉर्कवर मात्र टीप एकदाच मारता येते. हा फरक नीट कळला, तर पिशवी पहिल्या फटक्यात चांगली होते. त्यासाठी आधी त्या झाडाकडे जाऊ.

कुऱ्हाड किती खोल जाते

कॉर्क ओक हे भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातलं झाड. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इटली आणि दक्षिण फ्रान्स हा त्याचा मुलूख. जगातला जवळजवळ निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. २०११ मध्ये तिथल्या संसदेने या झाडाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. परवानगीशिवाय ते तोडणं हा गुन्हा आहे, मग झाड स्वतःच्या शेतातलं का असेना. आपल्याकडे ज्याला बुचाचं झाड म्हणतात, ते पांढऱ्या सुगंधी फुलांचं उंच झाड निराळं. त्याची सालही जाड आणि हलकी असते, पण या धंद्याशी त्याचा संबंध नाही.

झाड साधारण २५ वर्षांचं झालं आणि छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर ७० सेंटीमीटर भरला, की पहिली साल निघते. ती खडबडीत आणि वेडीवाकडी असते, तिची बुचं होत नाहीत. नऊ वर्षांनी निघणारी दुसरी सालही बेताचीच. तिसऱ्या काढणीपासून, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावर, बुचाच्या दर्जाचा कॉर्क मिळू लागतो. झाड लावणारा माणूस उत्तम साल पाहीलच असं नाही. ती बहुधा त्याच्या मुलांच्या वाट्याला येते. झाडाचं आयुष्य मात्र दोनशे वर्षांपर्यंत, क्वचित त्याहूनही पुढे जातं. आगुअस द मोउरा या गावातला १७८३ साली लावलेला एक कॉर्क ओक अजून उभा आहे. त्याच्या फांद्यांत पक्षी इतके किलबिलतात, की लोक त्याला ‘शीळ घालणारं झाड’ म्हणतात. १९९१ मध्ये त्या एका झाडाने १२०० किलो साल दिली होती. २०१८ मध्ये युरोपातलं त्या वर्षीचं सर्वोत्तम झाड म्हणून त्याची निवड झाली.

काढणी उन्हाळ्यात, मेअखेर ते ऑगस्ट या काळात होते. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल आतल्या थरापासून सहज सुटते. हे काम अजूनही प्रामुख्याने कुऱ्हाडीने होतं. बहुतेक वेळा जोडीने काम करतात. कारागीर बुंध्यावर उभा घाव घालतो, मग पातं किंचित पिळून साल सुटली का ते पाहतो. सुटली असेल तर आवाज पोकळ येतो आणि सालीचा अख्खा पत्रा हातात येतो. पण पातं जरा जास्त खोल गेलं आणि आतल्या जिवंत थराला लागलं, तर त्या जागी पुन्हा नीट साल धरत नाही. ती जखम झाड आयुष्यभर वागवतं. म्हणून हे काम शेतमजुरीतल्या सर्वांत कुशल कामांपैकी एक समजलं जातं आणि त्याची मजुरीही तशीच चांगली असते.

साल उतरवलेला बुंधा आधी पिवळसर, मग विटकरी आणि हळूहळू गडद तपकिरी होतो. झाड मरत नाही, नव्या सालीच्या तयारीला लागतं. झाडांखाली गुरं आणि डुकरं चरतात, ओकची फळं खातात. या विरळ रानांत पक्ष्यांचं, कीटकांचं आणि वनस्पतींचं वैविध्य विलक्षण आहे. कॉर्कला मागणी आहे तोवर ही रानं राखणं मालकाला परवडतं. कॉर्कच्या वस्तू वापरण्याच्या बाजूने सांगण्यासारखी सर्वांत खरी गोष्ट हीच.

धागा नसलेलं कापड

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूक याने ‘मायक्रोग्राफिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने चाकूने कॉर्कचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला रिकाम्या, एकमेकींना चिकटलेल्या खोल्या दिसल्या. जीवशास्त्रातली ‘पेशी’ तिथून सुरू झाली. हूकने हिशेबही मांडला: एक घन इंच कॉर्कमध्ये अशा सुमारे १२६ कोटी खोल्या.

शिवणाऱ्याच्या दृष्टीने सगळी मेख या खोल्यांत आहे. विणलेल्या कापडात सुई शिरते, तेव्हा उभे-आडवे धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाली की पुन्हा जागेवर येतात. म्हणून चुकलेली टीप उसवून, पाणी मारून इस्त्री फिरवली, की मागमूस उरत नाही. कॉर्कमध्ये सरकायला धागेच नाहीत. सुई पेशींच्या भिंती फोडून पलीकडे जाते आणि तिथे भोक राहतं ते कायमचं.

याच रचनेचे फायदेही तेवढेच. प्रत्येक खोली बंद, आत हवा, आणि भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ. त्यामुळे कॉर्क वजनाला हलका, पाणी न पिणारा आणि दाबला तर पुन्हा वर येणारा. आणि धागे नाहीत म्हणून कडा उसवत नाहीत. कापलेली कड दुमडावी लागत नाही, तशीच उघडी ठेवता येते. या एका गुणामुळे पिशवीची जोडणी किती सोपी होते, ते पुढे येईलच.

कापड बनवताना सालीचे पत्रे कित्येक महिने उघड्यावर सुकवतात, मग पाण्यात उकळतात. त्याने साल सपाट आणि लवचीक होते. तिचे ठोकळे जोडून त्यांचे कागदासारखे काप काढतात आणि ते पाठीच्या कापडावर चिकटवतात. पाठ सुती असू शकते, पॉलिएस्टरची किंवा मिश्र धाग्याचीही असू शकते. वर पातळ संरक्षक लेपही असतो. तेव्हा ‘संपूर्ण नैसर्गिक’ या शिक्क्यावर विसंबू नका. विकणाऱ्याला पाठ कशाची आणि लेप कशाचा, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

गोधडीची दोन दूरची नाती

कॉर्क पोर्तुगालचा आणि गोधडी आपली, एवढ्यावर हा संबंध संपत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधल्या सातगाव-हुगळीच्या भागात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी भरतकाम केलेल्या मोठमोठ्या रजया तयार होत. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने साखळी टाका आणि उलटी टीप घालून शिकारी, जहाजं, जलपऱ्या आणि बायबलमधल्या सॉलोमन राजाचा न्यायनिवाडा असले प्रसंग भरलेले असत. विषय युरोपचे, हात बंगालचे. त्यांतल्या काही आज लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहायला मिळतात. खुद्द पोर्तुगालमध्ये कास्तेलो ब्रांको हे गाव लिननवर रेशमी भरतकाम केलेल्या पलंगपोसांसाठी ओळखलं जातं.

दुसरं नातं गोव्याजवळचं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या कित्येकांनी पळून जाऊन घाटमाथ्यावरच्या जंगलांत आसरा घेतला. त्यांचे वंशज असलेले सिद्दी लोक आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहतात. सिद्दी बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याच्या ओळी घालत घालत त्या मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं बसवतात. त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

आपली वाकळ काय किंवा ही कवंदी काय, दोन्हींत कापूस भरत नाहीत. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर हेच त्यांचं भरण. पिशवीसाठी हीच पद्धत सर्वांत चांगली. बाजारातला जाड फोम घातला, तर शिवणी अवजड होतात आणि मशीन कुरकुरतं. धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे तीन थर घेतले, तर पिशवीला अंग येतं आणि सुईही सहज चालते.

मापं आणि कापणी

तयार पिशवी १४ इंच रुंद, १३ इंच उंच आणि बुडाशी ४ इंच खोल होईल, अशी ही मापं आहेत. माया सगळीकडे अर्धा इंच धरली आहे.

कॉर्कचा एकच तुकडा १९ × १२ इंच. तोच बूड होऊन दोन्ही बाजूंनी ४-४ इंच वर येतो. बंदांसाठी कॉर्कच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी २६ × अडीच इंच. हे सगळं अर्ध्या मीटरमध्ये बसतं. गोधडीचे दोन तुकडे प्रत्येकी १९ × १० इंच हवेत, पण कापताना ते २० × ११ घ्यायचे. धावदोरे घातले की कापड आक्रसतं. गोधडी पुरी झाल्यावरच बरोबर मापाला कापायचं. अस्तर १९ × ३१ इंच. शिवाय बंदांच्या आत घालायला सव्वा इंचाहून थोडी कमी रुंदीची सुती निवार, २६-२६ इंचाचे दोन तुकडे.

कॉर्क कापताना घडी घालू नका, एकपदरीच कापा. खुणा पाठीच्या कापडावर खडूने करा. तोंडावर पेन टेकवू नका, शाई आत शिरते. कात्री धारदार हवी आणि लांब चालवायची. छोटे छोटे घास घेतले, तर कडेला दात पडतात आणि ही कड शेवटी दिसणार असते.

आधी भरतकाम, मग गोधडी

भरतकाम वरच्या एका पदरावरच करून घ्या आणि मग त्याखाली थर लावा. त्यामुळे मागच्या गाठी आणि दोऱ्यांची टोकं भरणात लपतात आणि अस्तरात काही अडकत नाही. नक्षी काठापासून निदान दीड इंच आत ठेवा, कारण काठ शिवणीत जाणार आहे. साखळी टाका, देठ टाका, उलटी टीप, मध्ये गाठीचे टाके, इतकं पुरतं. पिशवी खांद्याला घासणार, बसच्या गर्दीत रगडली जाणार. लांब सैल भरीव टाके तिथे टिकत नाहीत, ओढले जातात.

मग चारही थर टेबलावर अंथरून सुरकुत्या काढा आणि मधून कडेकडे कच्चे टाके घालून घ्या. धावदोरा नक्षीच्या भोवतीने सुरू करा. नक्षीच्या कडेपासून पाव इंचावर पहिली ओळ, तिच्यापासून तेवढ्याच अंतरावर दुसरी, अशा ओळी बाहेर सरकत जाऊ द्या. टाक्यांच्या मधल्या कापडाला बारीक उठाव येतो आणि नक्षी आपोआप उठून दिसते. दोरा गोधडीचा जाड सुतीच घ्या.

कॉर्कवर भरतकाम करायचं असेल, तर ते पिशवी जोडण्यापूर्वी, तुकडा सपाट असतानाच करा. नक्षी रेघांची असावी: एक वेल, एक पक्षी, दोन-तीन पानं. कागदावर नक्षी काढून तो कॉर्कवर चिकटपट्टीने बसवा आणि रेघेवर ३ ते ४ मिलिमीटरच्या अंतराने बारीक आरीने भोकं पाडून घ्या. भोकं सारखी पडली, की टाके सारखे येणारच. भरीव टाका इथे घालूच नये. शेजारी शेजारी पडलेल्या भोकांनी कॉर्क टपाल तिकिटाच्या कडेसारखा होतो आणि ओढ बसली की त्याच ओळीवर फाटतो. भरतकामाच्या मशीनवरही हेच पथ्य पाळायचं: विरळ नक्षी आणि मोठे टाके. कॉर्क रिंगमध्ये आवळू नका, त्याचा वळ राहतो. रिंगमध्ये नुसतं आधाराचं कापड ताणा आणि कॉर्क त्यावर चिकटवा.

जोडणी

मशीनला १४ नंबरची नवी सुई लावा. थर जाड झाले, तर १६ नंबरची. दोरा पॉलिएस्टरचा. टाका ३ ते साडेतीन मिलिमीटरचा, म्हणजे इंचात सात-आठ. बारीक टाक्यांनी शिवण पक्की होते, हा आपला नेहमीचा अनुभव इथे उलटा ठरतो, कारण टाके जितके जास्त तितकी भोकं जास्त. मशीनचा धातूचा पाय कॉर्कला चिकटून अडतो. टेफ्लॉनचा पाय असेल तर उत्तम. नसेल तर कॉर्कवर बटर पेपरची पट्टी ठेवून तिच्यावरूनच टीप मारा आणि नंतर कागद फाडून टाका. टाचण्यांऐवजी कपड्यांचे छोटे चिमटे वापरा. टाचणी लागलीच, तर ती मायेच्या आत टोचा.

आता गोधडीच्या तुकड्याच्या खालच्या कडेवर कॉर्कची लांब कड अर्धा इंच चढवून ठेवा. कड उसवत नसल्याने दुमडायची गरज नाही. दुतोंडी चिकटपट्टीने जागा पक्की करा, पण चिकटपट्टी टिपेच्या रेघेवर येऊ देऊ नका, सुई चिकट होते. कॉर्कच्या कडेपासून एक दोरा सोडून पहिली टीप आणि तिच्यापासून पाव इंचावर दुसरी. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता बाहेरचा सगळा तुकडा १९ × ३१ इंचाचा झाला.

टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटी मशीन मागेपुढे फिरवायची आपल्या हाताला सवय असते. दिसणाऱ्या टिपेवर ती सवय बाजूला ठेवा. त्याच जागी तीनदा सुई गेली, की तिथे छिद्र मोठं होतं. दोऱ्याची टोकं लांब सोडा, सुईने मागे ओढून घ्या आणि हाताने गाठ मारा.

बुडाच्या बरोबर मध्यावर, डाव्या-उजव्या दोन्ही कडांना, २ इंच आत आणि ३ इंच उंच अशी खाच कापा. तुकडा उलटा दुमडून दोन्ही बाजू शिवा. मग खाचेची तोंडं चपटी करून, बाजूची शिवण बुडाच्या मध्यावर आणून आडवी टीप मारा. ४ इंचांचं बूड तयार होतं. अस्तरालाही अशाच खाचा आणि अशाच शिवणी, फक्त एका बाजूला ६ इंच जागा न शिवता सोडा. शिवणी चपट्या करायला गरम इस्त्रीपेक्षा लाटणं दाबून फिरवणं बरं. इस्त्री लागलीच, तर कमी आचेवर, पाठीच्या बाजूने आणि वर सुती फडकं घालून.

बंदांच्या पट्टीत मधोमध निवार ठेवा, दोन्ही कडा तिच्यावर दुमडून मध्यावर आणा आणि टिपा मारा. वजन पेलायचं ते निवारीने, कॉर्कने फक्त हाताला बरं लागायचं. टोकं बाजूंच्या कडांपासून साडेसहा इंचांवर, बाहेरच्या अंगाला वरच्या काठाशी टाचा. बाहेरची पिशवी सुलटी करून उलट्या अस्तरात घाला, बंद दोहोंच्या मध्ये राहू द्या, वरचा काठ गोल शिवा आणि सोडलेल्या फटीतून सगळं बाहेर काढा. कॉर्क मऊ असतो, या चुरगळण्याने त्याला चीर जात नाही. फट हाताने शिवा आणि वरच्या काठावरून शेवटची टीप मारा. बंदांच्या जागी ती दोनदा मारायला हरकत नाही, कारण तिथे दिसणारी बाजू गोधडीची आहे, कॉर्कची नाही.

कोणी शिवावी

कॉर्कचं व्यापारी उत्पादन आपल्याकडे होत नाही. माल आयातीचा आणि म्हणून महाग. पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी थेट या पिशवीला हात घालू नये. हातभर तुकडा मागवा, त्याचं चष्म्याचं घर शिवा, उरलेल्या चिंधीवर टाक्यांची लांबी आणि दोऱ्याचा ताण तपासा आणि मगच अर्धा मीटर घ्या. पिशवी वापरात आली, की कॉर्क ओल्या फडक्याने पुसायचा, साबण लागलाच तर सौम्य. मशीनमध्ये धुऊ नये, उन्हात वाळत घालू नये.

कॉर्क परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर बूड जाड कॅनव्हासचं करा. मापं हीच राहतील, फक्त जोडाच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच जास्त घेऊन त्या दुमडाव्या लागतील. पण कॉर्क घेणार असाल, तर तो पूर्ण विचार करूनच कापा. नऊ वर्षं थांबून, झाडाच्या जिवाला धक्का न लावता मिळवलेलं हे साहित्य आहे. टीप कुठून कुठे जाणार, भरतकाम कुठे बसणार, बंद किती लांब हवेत, हे सगळं आधी कागदावर ठरवा आणि तेवढा वेळ कामात धरूनच बसा. घाईने शिवायची असेल, तर दुसरं कोणतंही कापड घ्या. कॉर्क त्यासाठी नाही.